मी पडत नव्हते

रविवार, ३ ऑगस्ट

दैनंदिनी लिहायची मला सवय नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं मी फक्त याद्या लिहिल्या. पण आज जेवताना मी जे बोलले ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या लाइल म्हणेल की असं काही ठरलंच नव्हतं.

लाइल माझा मुलगा. एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि एप्रिलपासून तो माझा बाप झाला आहे. एप्रिलमध्ये मी दारातल्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरले आणि टपालवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिले. लाइल म्हणतो दोन तास. मी म्हणते पाऊण तास. टपालवाला काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येतो, शाळेत हजेरी घ्यावी तसा.

आज ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश मी टेबलावर ठेवली आणि त्याने खिशातून एक गुळगुळीत कागद काढला. गावातल्या मेपल कोर्टचा. वृद्धाश्रम म्हणायचं नाही म्हणे, निवास म्हणायचं. कागदावर तीन पांढऱ्या केसांच्या बायका फुलं लावत होत्या आणि अशा हसत होत्या की दंतवैद्याची जाहिरात वाटावी. एक ऑक्टोबरला एक खोली रिकामी होते आहे.

"आई, तू इथे एकटी असतेस. शेजार म्हणशील तर एक वेंडल, तोही बहात्तरचा."

"आणि तळं आहे की."

"तळ्याचं नाव काढू नकोस."

"का? माझ्या अंगणात आहे ते."

"तुला आता झेपत नाही, हे मान्य करायला काय जातं तुझं?"

माझी नजर खिडकीबाहेर गेली. ताडपत्रीखाली त्याच्या बापाची बोट अकरा वर्षं पडून आहे. आणि मी म्हणाले, "मस्की. तळ्यातला सगळ्यात मोठा मासा. त्या बोटीतून, माझ्या हाताने, मी एक मस्की पकडते. पकडली तर मेपल कोर्टचं नाव तू पुन्हा काढायचं नाहीस. नाही पकडली तर एक ऑक्टोबरला माझं सामान मीच बांधीन."

लाइल आधी हसला. मग त्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं घास अडकला. "लोक दहा हजार वेळा गळ फेकतात तेव्हा एक मस्की लागते, आई."

"मग मला लवकर सुरुवात करायला हवी."

त्याने तीस सप्टेंबरची मुदत घातली आणि हात मिळवला. हात गार होता.

आता कबूल करते: मी आयुष्यात गळाची काठी हातात धरलेली नाही. माझ्या नवऱ्याने, ऑरिनने, मला चौतीस वर्षांत एकदाही बोटीत नेलं नाही. बायकांना बोटीत कंटाळा येतो, असं तो म्हणायचा. मला विचारून म्हणायचा असं नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गावभर झालं. दोन दिवसांत इतके सल्ले मिळाले की उंटावरच्या शहाण्यांची जत्रा भरली आहे असं वाटलं. आमिषांच्या दुकानातली डार्लीन म्हणते काळं आमिष घे. पाद्री म्हणतो नारिंगी. केस कापणारी म्हणाली बोटीत केळं न्यायचं नाही, मासा फिरकत नाही. तिच्या नवऱ्याने वीस वर्षांत एक केळं नेलं नाही आणि एक मस्कीही आणली नाही, हे मी तिला सांगितलं.

दुपारी वेंडल आला. वेंडल किंगबर्ड, माझ्या डाव्या हाताचा शेजारी. ओजिब्वे, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीतला माणूस, याच तळ्यावर जन्मलेला. शहरातल्या हौशी लोकांना मस्कीसाठी फिरवण्यात त्याने चाळीस वर्षं काढली. त्याने कॉफी घेतली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सल्ला हवाय की धीर?"

"सल्ला."

"जाऊ नकोस."

"दुसरा दे."

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला आणि माझी ही वही मागून घेतली. पण लिहिलं काही नाही, नुसता बोलत राहिला. मी आठवतं तसं उतरवते. मस्की भूक लागली म्हणून खात नाही, चिडली की चावते. ("तुझी जातबहीण.") दात असे की साधा दोरा कचकन तुटतो, म्हणून आमिषापुढे हातभर तार बांधायची. गळ कापायची मोठी कात्री हाताशी हवी, कारण गळ खोल गेला तर गळ कापायचा, मासा फाडायचा नाही. मासा लागला की काठी वर उचलायची नाही, बाजूला ओढायची, जोरात. आणि पकडलेली मस्की पाण्यात ठेवूनच मोजायची आणि सोडून द्यायची.

"सोडायचीच तर पकडायची कशाला?"

"हे चाळीस वर्षं मी कोणाला विचारलं नाही, म्हणून पोट भरलं माझं."

सगळ्यात महत्त्वाचं त्याने दोनदा सांगितलं. मस्की आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येते, बघते आणि निघून जाते. म्हणून आमिष जवळ आलं की बाहेर काढायचं नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसून आमिष बोटीच्या कडेने फिरवायचं, दोन मोठी वेटोळी, थांबायचं नाही. मासा दिसो वा न दिसो. तीनशे वेळा फेकलं तर तीनशे वेळा. शिवाय जाळं धरणाराही काठीवाल्याइतकाच मोठा असतो. त्याने माशामागे धावायचं नाही, जाळं पाण्यात धरून ठेवायचं, आणि काय वाटेल ते झालं तरी जाळं सोडायचं नाही.

"माझं जाळं कोण धरणार?"

"मी. आणखी कोण आहे तुझ्या घरात बसलेलं?"

शनिवार, ९ ऑगस्ट

वेंडलने मोटर दुरुस्त केली. बोट पाण्यात गेली आणि मला ताबडतोब निघायचं होतं. तो नाही म्हणाला. पाणी फार तापलंय. मी मांस भाजताना लावतात तो तापमापक धक्क्यावरून दोरीने सोडला: फॅरनहाइट एक्याऐंशी.

"ऐंशीच्या वर मस्कीला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "दमते. सोडलीस की छान पोहत जाते, तुला वाटतं पुण्य केलं, आणि तळाशी जाऊन मरते."

"कायद्यात आहे?"

"नाही. माझ्यात आहे."

माझ्याकडे सात आठवडे आहेत आणि हा मला माशाची तब्येत सांगतो आहे. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो गेला. मी एकटीच बोट सोडायला धक्क्यावर गेले, दोर सोडवला आणि परत बांधला. दमून मेलेला मासा दाखवून जिंकायचं असतं तर मी लाइललाच एखादा विकत आणायला लावला असता.

रविवार, १७ ऑगस्ट

थंडी पडली, पाऊस झाला, पाणी गार झालं. पहिली फेरी.

एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती: आमिष चपलेएवढं असतं. पितळी चकत्या, मागे हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुपका, त्यात लोंबणारे गळ. ते फेकायचं, ओढायचं, वेटोळी घालायची, परत फेकायचं. दुपारपर्यंत एकशे नव्वद झाले. वेंडल म्हणाला बायका लवकर थकतात असं त्याचं गिऱ्हाईक म्हणायचं. मी त्याला सांगितलं की चारशे पोरांचं सूप एकोणतीस वर्षं वल्ह्याएवढ्या पळीने ढवळलेला खांदा आहे हा. पाण्यातली वेटोळी मला पहिल्याच दिवशी जमली. सूपच ते, फक्त गार.

त्याने मला जीवरक्षक जाकीट घालायला लावलं. त्यात मी भरलेल्या उशीसारखी दिसते.

मासा नाही. वेंडलने आज दाढी केली होती. संध्याकाळी कुठे जायचं असेल.

रविवार, २४ ऑगस्ट

दिसली.

तळ्यात घुसलेल्या स्टोनी पॉइंटच्या खडकांवर, पाणवनस्पतींच्या कडेला. आमिष बोटीपासून दोन हातांवर होतं आणि त्याच्या मागे एक ओंडका येत होता. ओंडक्याला डोळे होते. मी थांबले. फक्त थांबले, श्वास घेण्याइतकी. आमिष थांबलं, ती थांबली, आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि ती खाली गेली.

वेंडलने टोपी काढली, डोकं खाजवलं. "आता सांग, मी काय सांगितलं होतं?"

"थांबायचं नाही."

"आणि तू?"

"तुला पोहता येतं का वेंडल?"

तो हसायला लागला, मीही. मग तो म्हणाला हेसुद्धा धरतात. मागे आलेली मस्कीही मोजतात इथले लोक, तारीख, वेळ, वारा लिहून ठेवतात. ऑरिनही ठेवायचा म्हणे. माझ्या वाढदिवसाची तारीख त्या माणसाला तीनदा सांगावी लागायची.

 

शनिवार, ३० ऑगस्ट

वेंडल तीन आठवड्यांसाठी गेला, पुतण्यांबरोबर तळ्यांत उगवणारा जंगली तांदूळ झोडायला. तो दरवर्षी जातो, आणि मस्कीसाठी तांदूळ थांबत नाही. जाताना म्हणाला, एकटी जाऊ नकोस. मी म्हटलं, बरं.

आज एकटी गेले. दोनशे वीस वेळा. काही नाही.

पॉइंटच्या रस्त्यावर एक गाडी उभी होती आणि कोणीतरी दुर्बिणीने माझ्याकडे बघत होतं. मासेमारी खात्याचा वॉर्डन असणार. मी परवाना काढून डोक्यावर धरला आणि चांगला हलवून दाखवला. गाडी लगेच मागे सरकली.

मंगळवार, २ सप्टेंबर

वारा. नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

वॉर्डन परत. दोन तास. या माणसाला दुसरं काम नाही का? सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी.

एक मागे आली, छोटी. मी थांबले नाही. तीच कंटाळली.

रविवार, १४ सप्टेंबर

लाइल जेवायला आला आणि बोट धक्क्याला बघून अंगणातूनच परत फिरला. जेवला गाडीत. सांगून बघा कोणाला, एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने ताट गाडीत नेलं. मी ताट आणायला गेले तेव्हा म्हणाला, "एकटी जातेस ना?"

"वेंडल असतो."

"वेंडल तांदळाला गेलाय."

आता हे त्याला कोणी सांगितलं? डार्लीनचं तोंड.

"बाबाही एकटेच जायचे," तो म्हणाला.

"बाबा हट्टी होते."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विनोदी बोलले.

आपल्या दैनंदिनीत तरी स्वच्छ लिहावं. ऑरिन अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेला. बोट खडकांजवळ सापडली, मोटर चालू, जाळं बाहेर. बहुधा मासा आत घेताना वाकला असेल. शोधायला निम्मं गाव गेलं होतं. तिसऱ्या दिवशी सापडला तो लाइलच्या बोटीला. लाइल त्यावर कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याने ते मनाला फार लावून घेतलं नाही असं दिसतं, कारण दुसऱ्याच आठवड्यात तो कामावर गेला. फक्त स्वतःची बोट विकून टाकली.

शनिवार, २० सप्टेंबर

दहा दिवस राहिले. आज दोनशे चाळीस, शून्य. अंगठा मिटत नाही. मनगटाला सूज आहे. सकाळी मोजे घालताना रडायला आलं, मोज्यांमुळे.

तो गुळगुळीत कागद मी फ्रिजवर लावला आहे, राग यावा म्हणून. आज राग आला नाही. खोलीला खिडकी आहे, खिडकीसमोर गाड्या लावायची जागा आहे. तीन वेळचं जेवण. ते कोण शिजवतं, किती मीठ घालतं, हे लिहिलेलं नाही. मी हरले तर मी जाईन. शब्द दिला तो दिला. तिथे कोणी वाईट नसतील. पण सकाळी उठून कुठल्या पाण्याकडे बघायचं, हे मला कोणी सांगावं?

वेंडल तांदूळ घेऊन परत आला. पाठ धरली आहे, वाकता येत नाही. पिशवीभर तांदूळ माझ्यासाठी वेगळा काढून भाजून आणला होता. मी म्हटलं, इतका कशाला, मी एकटीच आहे. तो म्हणाला, माहीत आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

उद्याचा शनिवार शेवटचा. ढग, दक्षिणेचा वारा, पाऊस लागेल. वेंडल म्हणतो असा दिवस हंगामात दोनदा येतो आणि तो पाठ धरून खुर्चीत बसला आहे. मी सातच्या फोनवर लाइलला सांगितलं की मी जाणार.

"एकटी नाही."

"मग ये. नाहीतर बाजूला हो."

 मग म्हणाला, "किती वाजता?"

शनिवार, २७ सप्टेंबर

मनगट सुजलं आहे, अक्षर वाईट येईल.

लाइल सहाला आला. जाकिटाचे सगळे बंद हनुवटीपर्यंत लावलेले, चेहऱ्याचा रंग उडालेला. नाश्ता केला नसणार. बोटीत पाय टाकताना त्याने दोन्ही हातांनी काठ धरला, लहान मुलासारखा. मी म्हटलं, मोटरपाशी बस, जाळं तुझ्याकडे. जाळ्याची सगळी रीत मी त्याला सांगितली, वेंडलने सांगितली तशी. तो मान हलवत होता पण बघत पाण्याकडे होता. आज वॉर्डनची गाडी नव्हती.

स्टोनी पॉइंटला पोचेपर्यंत पावसाची भुरभुर सुरू झाली. मी फेकत राहिले.  दहा वाजता मी लाइलला म्हटलं, कॉफी तरी घे. त्याने झाकण उघडलं आणि कॉफी सांडली.

एकशे बाराव्या वेळी आमिष बोटीपाशी आलं, मी काठी खुपसली, पहिलं वेटोळं घातलं, आणि तळातून ती वर आली. मागून नाही, खालून. चार फुटांच्या वर, पाठ हिरवी, खाली पोट पांढरं. मी थांबले नाही. दुसरं वेटोळं घातलं. वळणावर तिने तोंड उघडलं, आतून पांढरंशुभ्र, आणि आमिष त्यात गेलं.

बाजूला ओढलं. जोरात. असं वाटलं की गळ तळ्यालाच अडकला आणि मग तळं पळायला लागलं.

"लाइल, जाळं."

ती बोटीखाली गेली. काठी कमानीसारखी वाकली आणि बोटीच्या काठावर आपटली. अशा वेळी काठीचं टोक पाण्यात घालून बोटीला वळसा द्यायचा असतो, नाहीतर काठी मोडते. मी गुडघ्यावर आले, मग काठावर आले, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. मासा वळला. मला तो जाणवला, पलीकडे वर येताना. बस, हातभर. हातभर आणखी वाकायचं होतं.

मी पडत नव्हते. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते.

तेवढ्यात कोणीतरी मागून माझं जाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि मला उचलून आत ओढलं, बटाट्याचं पोतं ओढावं तसं. आम्ही दोघं बोटीच्या तळाशी. काठी माझ्या हातात होती म्हणून बरं. आणि जाळं पाण्यावर तरंगत चाललं होतं, दांडा वर. जाळंवाल्याने जाळं सोडलं होतं.

ती तीन हातांवर वर आली, डोकं झटकलं आणि आमिष परत माझ्याकडे पाठवलं. एक गळ सरळ झालेला.

मी म्हटलं, सोड मला. तो सोडेना. मी पाच वेळा म्हटलं, दहा वेळा म्हटलं. त्याची मूठ माझ्या जाकिटात होती आणि तोंड माझ्या पाठीवर. पाऊस पडत होता म्हणून त्याचा चेहरा ओला होता. शेवटी मीच त्याचं एकेक बोट सोडवलं.

परत येईपर्यंत मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याच्या बापालाही कधी बोलले नव्हते इतकं.  धक्क्याला लागल्यावर तो उतरला आणि गवतात उलटी केली. उपाशीपोटी बोटीत बसू नये, हे माझ्या मुलाला कोणी शिकवलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

पोटावर ताटाएवढा काळानिळा डाग आहे, बोटीच्या काठाचा. टोपी वाऱ्याने गेली. चष्मा गळ्यात दोरी होती म्हणून राहिला, पण काचांना आतून शेवाळ लागलं होतं, ते कसं लागलं कळत नाही. डावा बूट नाही. पाय बोटीत होते की कुठे, हे नीट आठवत नाही. पण मी पडत नव्हते.

वेंडल पाठीला पट्टा बांधून आला. मी सगळं सांगितलं, डाग सोडून. लाइलने जाळं कसं सोडलं तेही सांगितलं. चाळीस वर्षांच्या अनुभवाने तो तरी संतापेल असं वाटलं होतं. त्याने कप खाली ठेवला.

"ऑरिनला धरायला कोणी नव्हतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, विषय माशाचा चाललाय.

तो गेल्यावर मी भांडी घासली. घासलेलीच होती.

सोमवार, २९ सप्टेंबर

दिवसभर एकटी. तीनशे चार. खांदा गेला. काही नाही, मागेसुद्धा कोणी आलं नाही. सातचा फोन आला नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सकाळी दोन पेट्या माळ्यावरून काढल्या. शब्द दिला होता. एकीत ताटल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. अर्धं कपाट झालं तेव्हा लाइल आला. या वेळी गाडीत बसला नाही, सरळ स्वयंपाकघरात आला. पेटीकडे बघितलं आणि वरची ताटली काढून कपाटात परत ठेवली.

"मी मेपल कोर्टला नकार कळवला," तो म्हणाला. "फोन करून. सकाळीच."

"का?"

"मासा मी घालवला, आई. लागला होता तो तुला. तू जिंकलीस."

दोन महिने मी याच वाक्यासाठी अंगठा सुजवून घेतला. आणि ते कानांवर पडलं तेव्हा मला इतका राग आला की ताटली खाली ठेवावी लागली.

"मी जिंकलेली नाही. जाळ्यात आला तो मासा. नाही आला तो नाही."

"मग जायचंय का तुला तिथे?"

"मुळीच नाही."

"मग झालं तर. राहा इथे."

"तू म्हणतोस म्हणून? आज म्हणतोस राहा, जानेवारीत पुन्हा घसरले की म्हणशील चल. मला दान नको, लाइल. मला माझं घर जिंकून हवंय."

तो खुर्चीत बसला. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले आहेत, हे मी आधी बघितलं नव्हतं. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," तो म्हणाला. "तुझाही नाही, बाबांचाही गेला नव्हता."

"हंगाम एक डिसेंबरला संपतो," मी म्हटलं. "तीस सप्टेंबर ही तुझी मुदत होती, माशांची नव्हे. वेंडल म्हणतो मोठ्या मस्की थंडीतच चरायला निघतात."

"नोव्हेंबरात बर्फ धरतो."

"धरेल तेव्हा धरेल."

 मी कॉफी ओतली. त्याने दोन्ही हातांनी कप धरला आणि कपातच बोलल्यासारखा म्हणाला, "एकटी नाही जायचं. कधीच नाही. दर शनिवारी मी येईन."

"जाळं धरायला?"

"तुला धरायला."

मी त्याचा कप पुन्हा भरला. मग म्हटलं, "जाळंही धर. देवाने दोन हात दिलेत तुला."

तो हसला. या तळ्याच्या काठी तो अकरा वर्षांत हसला असेल तर मला आठवत नाही. मग आम्ही अंगणात गेलो आणि मी त्याला शिकवलं: उजव्या हातात जाळं पाण्यात धरल्यासारखं, डाव्या हाताची मूठ माझ्या जाकिटात मागून. मी वाकायचं, त्याने दोन्ही सोडायचं नाही. वीस वेळा केलं. वेंडल कुंपणापाशी उभा राहून बघत होता आणि पाठ धरून म्हणाला की इतका वाईट जाळंवाला त्याने चाळीस वर्षांत पाहिला नाही, पण शिकेल.

जेवायला तांदूळ केला. लाइल टेबलापाशी जेवला. मासा नोव्हेंबर संपेपर्यंत लागला नाही तर मी जाईन, हे मी त्याला पुन्हा सांगितलं आणि त्याने पुन्हा हात मिळवला. घाबरायचं कारण मला दिसत नाही. दहा हजारांतले पाच हजार तर माझे झालेच आहेत.

तो गेल्यावर मी मेपल कोर्टला फोन लावला. मुलाने सकाळी नकार दिला ते विसरा, खोली एक डिसेंबरपर्यंत धरून ठेवता येईल का, असं विचारलं. बाई गोंधळली. लोक सहसा लवकर मिळावी म्हणून फोन करतात म्हणे. मग म्हणाली, येईल ठेवता, दारावरच्या पाटीसाठी नाव सांगा.

"आर्डिस हाल्वर्सन," मी म्हटलं. "पेन्सिलीने लिहा."